वाचनालयातल्या कॉम्प्युटरची लॉगिन स्क्रीन: आधी बसणारी माणसं ठरवा

प्रश्न एका ग्रंथपाल ताईंचा आहे. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी त्यांचं सार्वजनिक वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. देणगीत आलेले सहा जुने कॉम्प्युटर आहेत. पाचांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून घेतलंय, एकावर अजून विंडोज १० आहे. मशीन सुरू केलं की सगळ्यांची नावं स्क्रीनवर दिसतात, त्यात ताईंचंही, आणि अभ्यासिकेतली पोरं त्या नावावर अंदाजानं पासवर्ड टाकून बघतात. पेपर वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांना पासवर्डची कटकट नको आहे. नावं मराठीत दिसावीत आणि मागं संस्थापकांचा फोटो असावा, अशी संचालक मंडळाची इच्छा आहे. मध्येच कधी बरोबर पासवर्डही चालत नाही. आणि एका मशीनवर पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत तीच लॉगिन स्क्रीन समोर येते.

ताई, शेवटचं दुखणं आधी घेतो, कारण ते मशीन आज अडून बसलंय आणि बाकीचं सगळं निवांत करता येण्यासारखं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: फाइलींची आणि आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. मशीनवर ती इंग्रजीत, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तिथं छोट्या अक्षरांत टाइप करायची.

पासवर्ड चुकला की लॉगिन स्क्रीन तसं लिहून दाखवते. तुमच्याकडं तसं काही न लिहिता स्क्रीन काळी होऊन परत येते, याचा अर्थ पासवर्ड बरोबर आहे आणि आतला डेस्कटॉप उभा राहत नाही. म्हणून पासवर्ड बदलत बसू नका. कंट्रोल, आल्ट आणि एफ१ एकत्र दाबा. काळ्या स्क्रीनवर नाव विचारलं जाईल. तुमचं युजरनेम आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना तिथं ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, ते तसंच असतं. आत गेल्यावर 'डीएफ', मग जागा सोडून 'वजा एच' ही आज्ञा द्या. ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरकी रेघ आहे, तिथं १००% दिसलं तर डिस्क भरली आहे. डेस्कटॉपला सुरू होताना लहानसहान फाइली लिहाव्या लागतात. लिहायला जागाच नसली की तो मागं फिरतो.

जुन्या मशीनमध्ये १२० जीबीची एसएसडी टाकलेली असेल तर जागा खाणारा बहुतेक वेळा टाइमशिफ्ट असतो. मिंटमधला हा प्रोग्राम सिस्टिमच्या प्रती काढून ठेवतो. फार उपयोगाचा आहे, पण किती प्रती ठेवायच्या ते सांगितलं नाही तर छोटी डिस्क बघता बघता भरते. त्याच काळ्या स्क्रीनवर 'सुडो टाइमशिफ्ट' लिहून जागा सोडा आणि पुढं दोन आडव्या रेघांना जोडून 'डिलीट' लिहा ('सुडो' म्हणजे पुढची आज्ञा ॲडमिनच्या अधिकारानं चालवणं). तो प्रतींची यादी दाखवून कोणती काढायची ते विचारेल. सगळ्यात जुन्या काढा, ताजी एक राहू द्या. सोबत 'सुडो एपीटी क्लीन' दिलं की उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजंही जातात.

डिस्क भरलेली नसेल तर आपल्या होम फोल्डरमधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाइल बघा. नावातला एक्स मोठा आहे आणि सुरुवातीला टिंब असल्यानं फाइल एरवी दिसत नाही. 'एलएस वजा एल' आणि फाइलचं नाव दिलं की मालक कळतो. मालक म्हणून तुमच्या नावाऐवजी 'रूट' (सिस्टिमचा सर्वाधिकारी युजर) लिहिलेलं असलं, तर कुणीतरी सुडो लावून खिडकीवाला प्रोग्राम चालवलाय असं समजा. ती फाइल 'सुडो आरएम' देऊन काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. मग कंट्रोल, आल्ट, एफ७ दाबून लॉगिन स्क्रीनवर परत या आणि आत जाऊन बघा. हेही नसेल तर नावाशेजारच्या छोट्या चिन्हावर क्लिक करून कोणता डेस्कटॉप निवडलेला आहे ते तपासा. पोरं तिथं काहीबाही बदलून ठेवतात.

आता मुख्य विषय. मिंटमध्ये लॉगिन स्क्रीनमागं दोन भाग काम करतात. लाइटडीएम हा आतला भाग. कोणाला आत सोडायचं आणि कोणता डेस्कटॉप सुरू करायचा हे तो पाहतो. तुम्हाला दिसतो तो पुढचा भाग म्हणजे स्लिक ग्रीटर. मिंटनं ही जोडी २०१७ मध्ये, १८.२ या आवृत्तीपासून घेतली. मिंट ज्यावर उभं आहे त्या उबुंटूनं २०११ च्या ११.१० आवृत्तीत लाइटडीएम घेतलं होतं आणि १७.१० मध्ये ते सोडून जीडीएम या दुसऱ्या लॉगिन प्रोग्रामकडं गेले. त्यामुळं नेटवर सापडणारा उबुंटूचा उपाय तुमच्या मशीनला लागू पडेलच असं नाही. तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलाय ते बघूनच हात घाला.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या अडचणींचं मूळ तिच्यात आहे. लॉगिन स्क्रीन तुमच्या नावानं चालत नाही. ती 'लाइटडीएम' नावाच्या वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या युजरच्या नावानं चालते. तुमच्या होम फोल्डरमधला फोटो, तुम्ही स्वतःपुरता टाकलेला फॉन्ट, तुमच्या डेस्कटॉपवर निवडलेला कीबोर्ड यांतलं काहीच तिला दिसत नाही.

सेटिंग करण्याआधी कागद घ्या आणि प्रत्येक मशीनपुढं कोण बसणार ते लिहा. आमच्या भागातल्या वाचनालयांत तीन तऱ्हेची माणसं येतात. सकाळी पेपर वाचणारे ज्येष्ठ. दिवसभर अभ्यास करणारी आणि फॉर्म भरणारी लेकरं. आणि देवघेव, सभासदांच्या नोंदी करणारे तुम्ही स्वतः. तिघांची गरज वेगळी आहे. सगळ्या मशीनवर एकच सेटिंग केलं की कुणाची ना कुणाची अडचण होणारच.

मला सगळ्यात जास्त काळजी फॉर्म भरणाऱ्या लेकरांची वाटते. नीट, सीईटी, एमपीएससी, शिष्यवृत्ती, जातपडताळणी, एकेका अर्जासाठी आधार, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक असं सगळं त्या मशीनवर उतरवलं जातं. सामायिक खातं असेल तर तो गठ्ठा डाउनलोड फोल्डरात तसाच राहतो आणि पुढं बसणारा कुणीही तो उघडू शकतो. एखाद्या मुलीचा फोन नंबर, पत्ता, सही, फोटो अनोळखी माणसाच्या हाती जाणं ही आपल्या गावात किरकोळ बाब नाही. ब्राउझरमध्ये लॉगिन चालू राहून गेलं तर तिचा अर्जही कुणी बदलू शकतो. म्हणून फॉर्मसाठी ठेवलेल्या मशीनवर पाहुण्याचं सत्र, म्हणजे गेस्ट सेशन, चालू करा. त्यात बसणाऱ्याला तात्पुरतं होम फोल्डर मिळतं आणि लॉगआउट केलं की ते सगळं पुसलं जातं.

मेन्यूत लॉगिन विंडो नावाचं सेटिंग आहे, त्यातल्या युजर्स या भागात गेस्ट सेशनला परवानगी देण्याचं बटण मिळेल. मिंटमध्ये ते मुळात बंद असतं, आणि त्यामागचं कारण समजून घ्या. पाहुण्याला बाकीच्या सिस्टिमपासून अलग ठेवणारं कुंपण नव्या रचनेत नीट काम करत नाही असं लक्षात आल्यावर उबुंटूनं २०१७ मध्ये ही सोय मुळातून बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळं ती चालू करणार असाल तर त्या मशीनवरच्या इतर प्रत्येक खात्याच्या होम फोल्डरची परवानगी ७०० करून टाका ('सीएचमॉड' या आज्ञेनं), म्हणजे मालकाशिवाय कुणालाच आत डोकावता येणार नाही. आणि तुमच्या सभासदांच्या नोंदी त्या मशीनवर ठेवूच नका. त्या तुमच्या टेबलावरच्या मशीनवरच राहू द्या.

गेस्ट सेशनच्या मशीनवर एक ठळक चिठ्ठी लावा: 'काम झालं की लॉगआउट करा. तुमची फाइल इथं राहणार नाही, पेनड्राइव्हमध्ये घ्या.' दोन्ही वाक्यं हवीतच. पहिलं वाक्य नसलं तर मुलं तसंच उठून जातात आणि सत्र चालूच राहतं. दुसरं नसलं तर भरलेला फॉर्म गेला म्हणून कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं.

ज्येष्ठांसाठी गेस्ट सेशन नको. त्यांना मोठी अक्षरं लागतात, पेपरांची पानं समोर लागतात, आणि पाहुण्याच्या सत्रात ती मांडणी दर वेळी कोरी होते. त्यांच्यासाठी 'वाचक' नावाचं साधं, ॲडमिन नसलेलं खातं करा. पुष्कळजण इथं ऑटोलॉगिन लावतात, म्हणजे मशीन सुरू केलं की सरळ डेस्कटॉप. मी तसं करत नाही. आमच्याकडं लाईट जाते-येते, मशीन दिवसातून चारदा बंद-चालू होतं, आणि दर वेळी समोर कोण आहे हे न बघता खातं उघडून बसतं. शिवाय ऑटोलॉगिनमध्ये पासवर्ड टाकलाच जात नसल्यानं पासवर्ड साठवणारी कीरिंग कुलूपबंद राहते, आणि ब्राउझर उघडताच तो पासवर्ड मागणारी खिडकी पुढं येते. आजोबांना ती खिडकी काय कळणार?

त्याऐवजी 'नोपासडब्ल्यूडीलॉगिन' हा गट वापरा. (हिज्जे: 'एन-ओ', मग 'पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी', मग 'लॉगिन', सगळं जोडून.) या गटातल्या खात्याला लॉगिन स्क्रीन पासवर्ड विचारत नाही. नावावर क्लिक केलं, एंटर दाबला की आत. गट आधी नसेल तर 'सुडो ग्रुपअॅड' देऊन तयार करा आणि 'सुडो जीपासडब्ल्यूडी वजा ए' लिहून पुढं खात्याचं नाव आणि गटाचं नाव द्या. कीरिंगचा प्रश्न इथंही येऊ शकतो, म्हणून त्या खात्यात पहिल्यांदा कीरिंगनं पासवर्ड मागितला की तो रिकामा ठेवा. इथं बँकेचं वा फॉर्मचं काम होणार नाही हे ठरलेलं असल्यानं ते चालतं. त्याच खात्यात स्क्रीन लॉक बंद करा आणि ब्राउझर बंद होताना इतिहास पुसला जाईल असं सेटिंग लावा.

आता तुमचं नाव लपवायचं. लॉगिन विंडोमध्ये सगळी यादीच लपवायची सोय आहे, तिचा उपयोग फक्त तुमच्या टेबलावरच्या मशीनवर करा. वाचकांच्या मशीनवर यादी लपवली तर ज्येष्ठांना युजरनेम टाइप करावं लागेल, म्हणजे सोय करायला गेलो आणि गैरसोय झाली. तिथं फक्त ॲडमिनचं एक नाव लपवा. त्यासाठी 'व्हार', 'लिब', 'अकाउंट्ससर्व्हिस', 'युजर्स' अशा एकात एक फोल्डरांत तुमच्या युजरनेमची फाइल असते. 'अकाउंट्ससर्व्हिस' या नावात ए आणि दुसऱ्या शब्दाचा एस मोठे आहेत. त्या फाइलमध्ये 'युजर' या कंसातल्या मथळ्याखाली 'सिस्टिमअकाउंट बरोबर ट्रू' अशी ओळ करा, इथंही एस आणि ए मोठे, आणि मथळ्यातला यूही मोठा. मशीन परत सुरू केलं की यादीतून तुमचं नाव जातं.

पण हे करण्याआधी, आधी म्हणजे आधीच, लॉगिन विंडोमध्ये हातानं नाव टाकून लॉगिन करण्याची परवानगी चालू करा आणि तसं एकदा आत जाऊन बघा. नाव लपलं आणि हातानं टाकायची जागाही नाही, अशी स्थिती झाली तर तुम्हीच बाहेर राहाल. तेव्हाही कंट्रोल, आल्ट, एफ१ चा रस्ता उघडा असतो, तो विसरू नका. आणि नाव लपवलं म्हणून पासवर्ड सोपा ठेवून चालत नाही. पोरं हुशार आहेत, एकदा तुमच्या मागं उभं राहून बघितलं की युजरनेम पाठ होतं.

सेटिंग शक्यतो लॉगिन विंडोमधूनच करा. हातानं फाइल लिहायची वेळ आली तर 'ईटीसी'मधल्या 'लाइटडीएम' फोल्डरात 'लाइटडीएम डॉट कॉन्फ डॉट डी' हे फोल्डर आहे, त्यात स्वतःची वेगळी फाइल ठेवा. नाव '७०-वाचनालय' असं काही द्या, आकडा मात्र इंग्रजी आणि शेवट 'डॉट कॉन्फ'च हवा, नाहीतर ती वाचलीच जात नाही. वेगळी फाइल ठेवण्याचा फायदा असा की काही बिघडलं तर तेवढी एक फाइल उचलून टाकली की झालं. मात्र या सगळ्या फाइलींनंतर शेवटी बाहेरची मुख्य 'लाइटडीएम डॉट कॉन्फ' वाचली जाते आणि तिचं म्हणणं चालतं. लॉगिन विंडोचं ॲप त्याच मुख्य फाइलमध्ये लिहितं. एकच गोष्ट दोन्हीकडं लिहिली असेल तर तुमची ओळ चालणार नाही. कोणती ओळ कुठून आली ते बघायला 'लाइटडीएम', जागा, दोन आडव्या रेघा आणि 'शो-कॉन्फिग' अशी आज्ञा आहे. ती प्रत्येक सेटिंगसमोर एक अक्षर दाखवते आणि कोणत्या अक्षराची कोणती फाइल ते शेवटी यादीत सांगते. बदल केल्यावर लाइटडीएम परत सुरू करण्यापेक्षा सरळ मशीन रीस्टार्ट करा. लाइटडीएम मध्येच रीस्टार्ट केलं तर त्या मशीनवरचं उघडं काम क्षणात बंद होतं.

'बरोबर पासवर्डही चालत नाही' ही तक्रार मला मराठवाडाभर ऐकू येते, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी कीबोर्ड असतो. मराठी टायपिंगसाठी कुणीतरी सिस्टिममध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडतं आणि तो यादीत पहिला बसतो. मग लॉगिन स्क्रीनवर तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबता, आत देवनागरी जाते, आणि दिसतात फक्त ठिपके. ओळखायची युक्ती सोपी आहे: हातानं नाव टाकायच्या रकान्यात चार अक्षरं टाइप करा. तिथं ठिपके नसतात, खरी अक्षरं दिसतात. देवनागरी उमटली तर वरच्या पट्टीतल्या कीबोर्डच्या चिन्हावरून इंग्रजी निवडा. कायमचा इलाज म्हणजे 'ईटीसी', 'डिफॉल्ट' फोल्डरातली 'कीबोर्ड' ही फाइल. तिच्यात लेआउटच्या ओळीत 'यूएस' आधी आणि 'आयएन' नंतर, मध्ये स्वल्पविराम, असा क्रम ठेवा. उच्चाराप्रमाणे टाइप करायची जी पद्धत मुलं आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममधून वापरतात, ती डेस्कटॉपच्या आतच चालते, लॉगिन स्क्रीनवर नाही. म्हणून पासवर्ड इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचाच ठेवायचा, देवनागरीचा कधीच नाही. आकडे उजवीकडच्या पॅडवरून टाकायची सवय असेल तर 'नमलॉकएक्स' हे पॅकेज टाका आणि लॉगिन विंडोमध्ये नमलॉक चालू करण्याचं बटण दाबा.

मराठी नावांचं काम त्यामानानं सोपं आहे. युजरनेम इंग्रजी छोट्या अक्षरांतच राहू द्या. पूर्ण नावाचा रकाना वेगळा असतो, त्यात देवनागरी चालते. 'वाचक', 'ज्येष्ठ वाचक', 'देवघेव विभाग' असं जे हवं ते युजर्स अँड ग्रुप्समध्ये लिहा, लॉगिन स्क्रीन तेच दाखवते. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही असं समजा. नोटो किंवा लोहित देवनागरी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका, म्हणजे तो सगळ्यांसाठी बसेल. संपूर्ण सिस्टिमचीच भाषा मराठी करायचा आग्रह मंडळानं धरला तर मी तुमच्या जागी नम्रपणे नाही म्हणेन. अडचणीच्या वेळी ज्या काळ्या स्क्रीनवर जायचं असतं तिथं देवनागरी उमटत नाही, आणि चूक काय झाली हे सांगणारी ओळच वाचता येत नाही. 'वाचक' खात्यापुरती भाषा मराठी करा, सिस्टिम इंग्रजीत ठेवा.

संस्थापकांचा फोटो 'यूएसआर', 'शेअर', 'बॅकग्राउंड्स' या फोल्डरात ठेवा. होम फोल्डरमध्ये ठेवला तर ७०० परवानगीमुळं लॉगिन स्क्रीनला तो वाचताच येणार नाही आणि तुम्हाला नुसता गडद रंग दिसेल. मोबाइलवरून आलेला मोठा फोटो तसाच लावू नका. मॉनिटरच्या मापाचा करून घ्या, जुन्या एलसीडीला बहुधा १३६६ बाय ७६८. नावांचा चौकोन सहसा डावीकडं येतो, म्हणून चेहरा उजव्या बाजूला येईल असं कापा. लॉगिन विंडोमध्ये प्रत्येक युजरचा स्वतःचा वॉलपेपर दाखवण्याचं बटण असतं. ते बंद केलं नाही तर नावावर गेलं की फोटो बदलतो. वर दिसणाऱ्या घड्याळाच्या साच्यात दिवस, महिना आणि वर्षही घाला. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागं जाते, मग वेबसाइटी उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटला दिला जातो. लॉगिन स्क्रीनवरच चुकीचं वर्ष दिसलं की कारण तिथंच कळतं.

राहिलं विंडोज १० चं मशीन. त्याला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, देणगीतल्या जुन्या मशीनला ते बसणं अवघड. त्यावर तुमचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर ते ठेवा, पण वाचकांना देऊ नका आणि इंटरनेटची वायर काढून ठेवा. तसं काही नसेल तर त्यावरही मिंट २२ टाका, त्याला २०२९ पर्यंत आधार आहे. आधी एका मशीनवर हे सगळं लावा, आठवडाभर ज्येष्ठांना आणि लेकरांना वापरू द्या, ते कुठं अडतात ते बघा, आणि मगच बाकीच्या मशीनवर तसंच करा.